उलटा हात

टेम्पोत स्पीकरच्या खोक्यांवर गोधडी टाकून मी आडवा झालोय. भर दुपार. पुढं ड्रायव्हरशेजारी लहूअण्णा, आमच्या बँजो पार्टीचा मालक. नगरला गिटार घ्यायला चाललोय. माझ्यासाठी, दान्यादादाच्या जागी आता मी वाजवणार. सकाळपासून अण्णाचा एकच धोशा, हंबकरवाली घे, जाड आवाजाची, ती गुणगुणत नाही. दादाकडं तसलीच होती. मी वसकन अंगावर गेलो, म्हटलं तसली घेतली तर रस्त्यात फेकून देईन. आता डोळे मिटतायत. इंजिन गुणगुणतंय, बारीक आवाजाची सिंगल कॉइलवाली गिटार गुणगुणते तसं.

दुकानात भिंतीवर गिटारी टांगल्यात, खाली माझ्या नववीच्या वर्गातली बाकं. शाळा सोडताना करकटकानं कोरलेलं नाव अजून तसंच. काउंटरमागं दान्यादादा उभा. मातीला नेताना घातलेला पिवळा शर्ट. आईनं घाईत काळ्या दोऱ्यानं लावलेलं कॉलरचं बटण.

"काय पायजे?" गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारतो.

"गिटार."

"आवाज कसला?"

मी सांगतो, हळदीला बारीक, टणटणीत पायजे, आणि मिरवणुकीत ताशाच्या वर निघंल असा जाड पण पायजे. अण्णाला दोन गिटारी परवडत नाहीत.

तो एक खाली काढतो. तारांखाली आवाज पकडणारे पिकअप, मानेकडं दोन बारीक, खाली ब्रिजकडं एक जाड. "खटका वर, बारीक. खाली, जाड. येडा अण्णा पण खूश, तू पण."

"जाड नको," मी म्हणतो. "तुझी गुणगुणली असती तर तुला कळलं असतं करंट आहे. तिनंच खाल्लं तुला."

तो तारा पुसत राहतो. बाकं गेलीत. पायाखाली मांडवातलं ओलं गवत, मागं जनरेटर धडधडतोय.

"गिटारीला कशाला शिव्या देतो, रुब्या? जनरेटरला अर्थिंग नव्हतं. आणि तारांवर हात असताना माइकला आधी उलटा हात लावायचा, हे तुला कोणी शिकवलं?"

"तू."

"उलटा हात झटका बसला की मागं येतो. सुलटा आवळून धरतो. मी सुलटा लावला."

"का पण?"

"नवरदेवाचा बाप सारखा हाका मारत होता." खांदे उडवतो. "घाई."

मला त्याला मारावंसं वाटतं. एवढ्यासाठी? एवढ्यासाठी आई अजून दोन ताटं वाढून एक परत उचलते.

गिटार गुणगुणायला लागते. "लाव हात," तो म्हणतो. मी हाताची मागची बाजू तारांवर दाबून धरतो. गुणगुण थांबते.

"थांबली ना? मग वाजव."

मी गिटार सोडून त्याच्याकडं हात करतो. तो मागं सरकतो.

"उलटा, येड्या."

मी हात उलटा करतो. त्याच्या गालाला लावतो. झटका नाही, काहीच नाही. बंद पडलेल्या स्पीकरसारखा गार.

"रुब्या, उतर. आलं दुकान." अण्णा मागचा फाळका वाजवतोय.

मी उठून बसतो. टेम्पोत खोकी आणि गोधडी, बाकी काही नाही. दादाची गिटार त्याच्याबरोबरच पुरली, घरात दुसरी नाही. उजव्या हाताच्या मागं, बोटांच्या पेरांवरून, सहा बारीक ओळी उमटल्यात. सगळ्यात वरची जाड, खाली येत येत बारीक होत गेलेल्या.

मी दुसऱ्या हातानं झाकून घेतो, आणि अण्णाला म्हणतो, "दोन बारीक, एक जाड. तीच बघायची."