काकांनी हात पड ठेवला

हसायचं तर आधीच हसून घ्या, कारण या सगळ्यात मूर्ख मीच आहे. माझ्या शहाणपणापायी आमच्या तोंडवलीच्या काकांचा हात तीन महिने शालीत गुंडाळून पडला होता!

तेव्हा मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधनाला नुकताच लागलो होतो. गणपतीला घरी आलो, तर काका ओट्यावर रबरी चेंडू दाबत बसलेले. उभा जन्म होडीत आणि भातशेतीत गेलेला माणूस, पण मेंदूत रक्ताची गाठ होऊन उजवा हात लुळा पडला होता. डॉक्टरांनी रोज दोनदा चेंडू दाबायला सांगितलं होतं. बोटं थोडी हलायलाही लागली होती.

तू पुण्याक करतंस तरी काय, असं त्यांनी विचारलं. आता मेंदूच्या मूळपेशी काकांना कशा समजावणार? मी म्हटलं, तरव्याची रोपं काढून भाताची लावणी करतो ना आपण, तसंच. उंदराच्या मेंदूत बिघडलेल्या जागी नव्या पेशी लावायच्या. नुसत्या लावल्या तर बऱ्याचशा मरतात, म्हणून सोबत खत द्यायचं. त्या खताला ग्रोथ फॅक्टर म्हणतात. काय उपमा सुचली होती! मी स्वतःवरच खूश झालो.

"आणि माणसाक कधी?" काकांनी विचारलं.

"होतला मा," मी मोदक खाता खाता म्हटलं.

नाताळच्या सुट्टीत पुन्हा आलो, तर काकांचा हात शालीत आणि चेंडू कुत्र्याच्या तोंडात. काकी म्हणाली, ह्यांनी व्यायाम सोडलाय, विचारलं की तुझंच नाव सांगतात.

"लावणी करूची आसा तर जमीन पड ठेवूक नको?" काका मलाच समजावू लागले. "तू खत घेवन येयपर्यंत हात राखून ठेवलंय."

आता सांगा, शेतकऱ्याला लावणीची उपमा द्यायला मला कोणी सांगितलं होतं?

मान खाली घालून सगळं कबूल केलं. हे अजून उंदरांपुरतंच आहे, माणसापर्यंत यायला किती वर्षं लागतील कोणालाच ठाऊक नाही, तुम्ही चेंडू सोडू नका. खरंच लाज वाटत होती.

"बरा. तुजे उंदीर तरी चलतत मा?"

इथे खोटं बोललो असतो तर वाचलो असतो, पण जीभ वळेना, खरं तेच सांगितलं. ग्रोथ फॅक्टर फार नाजूक, बर्फातच ठेवावा लागतो. उंदरांच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी मी त्याची कुपी टेबलावर ठेवून चहाला गेलो. खत वाया गेलं आणि लावलेल्या पेशीही तगल्या नाहीत.

"म्हणजे बर्फात घालूक विसारलंस?" काकांनी माझ्याकडे नीट बघितलं. "चाळीस वर्सा ह्या घरात मासळी बर्फात ठेवतत."

मग त्यांनी शाल सोडली आणि काकीला हाक मारली. "गो, कुत्र्याकडसून माजो चेंडू घे. ह्याच्या भरवशार हात ठेवूचो नाय."

पुढच्या वर्षी गणपतीपर्यंत काकांची मूठ वळायला लागली होती. विसर्जनानंतर मी पुण्याला निघालो, तेव्हा त्यांनी सुरमईचा डबा भरून दिला. त्याच हाताने, थरथरत का होईना, मूठमूठ बर्फ घातला. माझे डोळे भरून आले आणि मी डबा घ्यायला हात पुढे केला.

काकांनी तो मला दिलाच नाही. एसटीच्या ड्रायव्हरकडे सोपवला आणि म्हणाले, "बर्फावर तुमी नजर ठेवा. ह्येचा काय खरा नाय."