मथुराकाकीची पोर्तुगीज शाळा

दर पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेच्या अध्यक्षांचं एकच भाषण असायचं. गंगाराम खवणेकर त्यांचं नाव. मुंबईतल्या कुठल्याशा सभेत ऐकलेली चार वाक्यं त्यांनी जन्मभर पुरवली. जपानची शाळा सैनिक घडवते, इंग्लंडची साहेब घडवते, रशियाची कामगार घडवते, पोर्तुगालची गुलाम घडवते. आणि मुलांनो, आपली शाळा नागरिक घडवते. आम्ही टाळ्या वाजवायचो. नागरिक म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण भाषण संपलं की गूळखोबरं मिळायचं.

या माणसाबद्दल मी एक शब्द चांगला लिहिणार नाही, हे आधीच सांगून टाकते. लिहायचंय ते आमच्या शेजारच्या मथुराकाकीबद्दल, पण तिची गोष्ट सांगायची तर गंगारामाला टाळता येत नाही.

मिठबावच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. काकी लग्न होऊन आली ती गोव्यातून, पेडण्याहून. तिचे वडील तिथल्या नाक्यावर शिपाई होते. त्यांनी हौसेने मुलीला सरकारी पोर्तुगीज शाळेत घातलं आणि मराठी व हिशेब घरीच शिकवला. नवरा मुंबईच्या गोदीत होता. तो लवकर गेला, आणि काकीच्या पदरात सुशीला राहिली. सुशीला आणि मी शाळेत एकाच बस्करावर बसायचो.

तेरेखोलची खाडी ओलांडली की शाळा कशी बदलते ते काकीकडून ऐकावं. तिच्या वर्गात भिंतीवर पोर्तुगालचा नकाशा. तिथल्या नद्या, तिथले राजे, तिथली रेल्वे स्टेशनं, सगळं तोंडपाठ हवं. घरामागच्या ओहोळाचा पुस्तकात पत्ता नाही. अर्थ विचारला तर हातावर पट्टी; तो काकीला घरी, वडिलांच्या नाक्यावरच्या कागदांतून कळला. मुलांना लिस्बन कधी दिसणार नाही हे मास्तरांना पक्कं माहीत होतं, पण लिस्बनपुढे मान वाकली पाहिजे, त्यासाठीच ती शाळा. आमच्याकडे टकळी होती. तासन्‌तास सूत काढा म्हणजे स्वावलंबी व्हाल, असं सांगत. माझं सूत सारखं तुटायचं, त्यामुळे मी काही स्वावलंबी झाले नाही.

पंचावन्न साली शाळेला मुलींसाठी बाई हवी होती. गावात शुद्ध मराठी लिहिणारी बाई एकच, म्हणून काकी विचारायला गेली. वेळ मात्र वाईट होती. त्याच पंधरा ऑगस्टला गोव्याच्या हद्दीवर पोर्तुगिजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या होत्या आणि सारं गाव पेटलं होतं. काकीही पेटली होती, पण तिला कोण विचारतो?

गंगारामाने तिला देवळाच्या सभामंडपात, सगळ्यांसमोर बोलावलं. तिथे तो पुस्तकी मराठी बोलायचा. शाळेत काय शिकलात ते सर्वांना ऐकवा, म्हणाला. काकी सरळ मनाची. तिने नद्या म्हणून दाखवल्या. मिन्यो, दोरो, मोंदेगो, तेजो. लोक पोट धरधरून हसले. मग त्याने भारतातल्या नद्या विचारल्या. हशाने गोंधळलेली काकी गंगा-यमुनेच्या पुढे अडखळली. काकी म्हणाली, सहा महिने द्या, सगळं पाठ करते; ही नोकरी मिळाली तर माझी पोर माझ्याजवळ राहून शिकेल. गंगारामाने हात जोडले.

"शत्रूच्या शाळेत शिकलेली बाई आमच्या मुलांना काय घडवणार?"

ती जागा गंगारामाच्या भाचीला मिळाली. तिला नद्या कुणी विचारल्या नाहीत.

काकी नारळाची सोडणं ठोकून सुंभ वळू लागली. त्यात दोन पोटं भरेनात. चौथी झाल्यावर सुशीलेला मुंबईला लांबच्या नातलगांकडे धाडलं. शाळेत घालतो म्हणाले होते, त्यांनी मोरीवर बसवलं. गंगाराम इकडे दर वर्षी नागरिक घडवत होता आणि त्याच्या शाळेतली एक नागरिक गिरगावात लोकांची भांडी घासत होती. काकी रडली नाही. तिने दात आवळले ते आवळलेच.

एकसष्टच्या डिसेंबरात गोवा सुटला. गंगारामाचा मुलगा परशुराम देवगडला राहून दोनदा मॅट्रिकला गचकला होता. पणजीहून निरोप आला की कचेऱ्यांत सगळे जुने कागद पोर्तुगीज आहेत, ते वाचणारा माणूस असेल तर मॅट्रिकचं कुणी विचारणार नाही. शत्रूची भाषा एका रात्रीत गोड झाली. गंगाराम स्वतः काकीच्या खळ्यात आला आणि तिला 'वयनी' म्हणाला. पोराला शिकव, त्याचं आयुष्य तुझ्या हातात आहे, असं म्हणाला. काकीने अट घातली नाही, टोमणा मारला नाही. उद्यापासून पाठवा, एवढंच म्हणाली.

वर्षभर परशुराम रोज संध्याकाळी यायचा. काकी एक ओळ म्हणायची, तो पाच वेळा म्हणायचा. नद्या झाल्या, मग राजे, मग रेल्वेचा मार्ग स्टेशनांसकट, मग शाळेतली प्रार्थना. अर्थ विचारला की ती हाताजवळ ठेवलेली पट्टी उचलायची. पोर मेहनती होता. त्या चतुर्थीला भजन झाल्यावर गंगारामाने त्याला उभं केलं, आणि त्याने लिस्बनपासून पोर्तोपर्यंतची स्टेशनं न अडखळता म्हटली. सभामंडपात हसलेलीच तोंडं आता माना डोलवत होती. मी काकीला बाजूला घेऊन विचारलं की एवढ्याने याला कागद कसे समजणार.

"माका शाळेत जां शिकवल्यानी, तांच मी तेका शिकवतंय," ती म्हणाली. "एक अक्षर कमी नाय."

तेव्हा मला सगळं कळलं. आणि खोटं कशाला सांगू, मला अतोनात आनंद झाला. परशुराम काही वाईट नव्हता. पण सुशीला तरी कुठे वाईट होती?

पणजीच्या साहेबांनी त्याच्यापुढे जमिनीचा एक जुना कागद ठेवला आणि यात काय लिहिलंय ते सांग म्हणाले. परशुरामाला त्यातलं एक वाक्य लागेना. घाबरून त्याने येत होतं ते सुरू केलं. साहेब गोव्यातलेच, तसल्याच शाळेतले. त्यांनी त्याच्याबरोबर दोन नद्या म्हटल्या, खो खो हसले आणि त्याला परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी गंगाराम काकीच्या दारात उभा राहिला. मी आमच्या पडवीतून सगळं ऐकलं. पुस्तकी मराठी त्याला आठवली नाही.

"माझ्या झिलाचां आख्खां वरस फुकट घालवलंस," तो म्हणाला. "तेचां काय चुकलां?"

"सुशीलेचां काय चुकलेलां?" काकीने विचारलं. "चौथीपासून मॅट्रिकपर्यंत तिची सात वर्सां गेली. तुमच्याकडसून एक इलां. आजून सा वर्सां झिलाक धाडा, मगे फिटंफाट."

गंगाराम पाठ फिरवून चालू लागला. त्या पंधरा ऑगस्टला भाषणात पोर्तुगाल नव्हता.

पुढच्या मे महिन्यात सुशीला आठ दिवसांसाठी गावी आली. अठरा वर्षांची झाली होती, हातांची सालं निघाली होती. काकीने तिला जवळ बसवून सगळी हकिगत रंगवून सांगितली. पोरीने पाठीवर थाप मारावी अशी तिची अपेक्षा होती. मी तर तिच्या हसण्याची वाट बघत होते. सुशीला शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"आये, मगे तां माका कित्याक शिकवूक नाय?" ती म्हणाली. "अर्थासकट शिकवलं असतंस, तर ती नोकरी माका गावली असती."

त्या हसऱ्या सभामंडपातून परतल्यापासून काकीने ती भाषा स्वतःच्या पोरीसमोर कधी तोंडातून काढली नव्हती, आणि काढली ती वैऱ्याच्या पोराचं वाटोळं करायला. सुशीला तिच्यावर चिडली नाही, उरलेले चार दिवस राहून मुंबईला निघून गेली. लोक मला म्हणतात, यात काकीचीही चूक होतीच. असेल. ती चूकही मी गंगारामाच्याच माथी मारते.