प्लायवूडच्या ठाण्यातला सॅल्यूट

ती दुपार अजूनही मधूनच येऊन माझ्या शेजारी बसते. ईट गावाच्या वरचा माळ, झोपेत असल्यासारख्या फिरणाऱ्या पवनचक्क्या, वाळल्या गवतावरून सरकणाऱ्या त्यांच्या सावल्या आणि मधोमध एक पोलीस ठाणं. जिल्ह्याच्या कुठल्याही नकाशात नसलेलं हे ठाणं प्लायवूडचं होतं. मल्याळी सिनेमावाल्यांनी शूटिंगसाठी उभारलेलं. नावं कुणाचीच सांगणार नाही. फजिती तेवढी माझी आहे, ती खुशाल घ्या.

मी तेव्हा त्या भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी, सहायक पोलीस निरीक्षक होतो. ठाणे अंमलदारानं फोन माझ्या हातात दिला.

"साहेब, म्या माळावर शेरडं राखतीया. हितं एका मोठ्या गाडीत बाई कोंडलीय. दार बडवायलीय."

"मावशी, तिथं शूटिंग आहे. नाटक असंल ते."

"मलाबी तसंच वाटलं. पर क्यामेऱ्याचं तोंड पल्याड हाय. तिचा कुणी फोटूच काढंना, मग ती कुणासाठी बडवायलीय?"

डायरीला नोंद घेतली, महिला शिपाई सोबत घेतली आणि जीप काढली.

माळावर धुळीचा सोनेरी पडदा उभा होता. त्यातून एक उंचपुरा अधिकारी चालत आला. खांद्यावर अधीक्षकाचे अशोकस्तंभ आणि तारा, छातीवर पदकांच्या पट्ट्या. आमचे अधीक्षक या वेळी धाराशिवला बैठकीत आहेत, हे मला पक्कं माहीत होतं. पण तीस वर्षांच्या नोकरीत हात मेंदूला विचारून उठत नाही. टाचा जुळल्या, हात कपाळाला गेला आणि तोंडातून खणखणीत "जय हिंद सर!" निघालं.

त्यानं तो सॅल्यूट आनंदानं घेतला. तो सिनेमाचा नायक होता. त्याच्या मागं उभ्या असलेल्या मेकअपच्या गाडीच्या काचेतून एक बाई हे सगळं बघत होती.

गाडीच्या दाराची कडी बाहेरून वायरनं बांधलेली होती. ती कापली. बाई घामानं निथळत उतरली, पाणी प्याली आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीही प्लायवूडचाच.

बाई, नायक आणि गाडीचा चालक यांना घेऊन आमच्या ठाण्यात आल्यावर महिला शिपायानं मोबाईलवर शोधून मला माहिती दिली. "सर, लई मोठी नटी हाय ही. बक्षिसं मिळालीत. पर एकदा भर समारंभात म्हणली, आमच्यात बायांना गप बसायचाच पगार मिळतो. तवापासून कामच बंद. हा सिनेमा कैक वर्सांनी मिळालाय." हे सगळं आम्ही तिच्या समोर बसून बोललो. तिला कुठं मराठी कळतंय!

बाई गप्पच. जबाब घ्यायचा तर दुभाषी हवा. शेजारच्या वाशी गावाच्या रस्त्याला टायर पंक्चरचं दुकान चालवणारा एक केरळी गृहस्थ होता. वीसेक वर्षं इथंच राहिलेला, आमच्यापेक्षा गावरान बोलणारा. त्याला बोलावलं. तो आला आणि बाकावर बसलेल्या नायकाला बघून आधी त्याच्या पाया पडला. सावध व्हायला एवढं पुरेसं होतं. मी झालो नाही.

बाई मल्याळीत बोलू लागली. बराच वेळ बोलली. आवाज चढला, मध्येच भरून आला. टायरवाल्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "साहेब, ती म्हणती, जरा गैरसमज झाला व्हता."

"एवढं बोलली आणि एवढंच?"

"आमची भाषा लांबलचक हाय, साहेब."

मी खरंच लिहायला घेतलं. 'गैरसमजातून' एवढा शब्द झाला आणि बाईनं टेबलावर हात ठेवला.

"मैंने ये नहीं कहा."

मी पेन खाली ठेवलं.

"आपको हिंदी आती है?"

"आती है. मराठी भी समझती हूँ. आपने पूछा कब?"

"तो आप चुप क्यों थीं?"

"आपने उसको सॅल्यूट किया था, साहब. मुझे देखना था, मेरी बात आपके कागज तक पहुँचते-पहुँचते कितनी बचती है."

मी लिहिलेला कागद फाडला. टायरवाला लाजून चहा आणायला गेला, तो परत आलाच नाही.

मग तिनं सांगितलं आणि महिला शिपायानं शब्द न् शब्द उतरवला. सिनेमातल्या नाचणाऱ्या पोरींना कपडे बदलायला आडोसा नव्हता. पवनचक्कीच्या खांबामागं बदलायला लावत होते. ही सगळ्यांसमोर बोलली. नायकानं फर्मावलं, माफी मागेपर्यंत गाडीत बसायचं. गाडीतली थंड हवा बंद केली. "आज गैरसमज लिहिलंत तर उद्या तिकडे सगळे म्हणतील, हिची कटकट नेहमीचीच. पुन्हा कुणी काम देणार नाही. त्या पोरीही तोंड उघडणार नाहीत," असं ती हिंदीत म्हणाली. रडली मात्र नाही.

नायक म्हणे, दार आपोआप अडकलं. वायर कुणी बांधली, हे सिद्ध व्हायला हवं होतं. गाडीचा चालक इथलाच, भाड्यानं लावलेला. तासभर तो 'मला काय म्हाईत'च्या पुढं सरकेना. शेवटी मी टेबलावर मूठ आपटली.

"त्यानं सांगितलं आणि तू बांधलीस? अरे, तो खोटा साहेब आहे, तुला कळत नव्हतं?"

"कळत व्हतं की! पर वर्दीतला माणूस बोलला तर न्हाय कसं म्हणावं?" मग दबक्या आवाजात, "तुम्ही न्हाय का सलाम ठोकला?"

महिला शिपायानं रजिस्टरमागं तोंड लपवलं. मीच काय, 'सलाम' एवढं कळून नायकही हसला. पण चालक सगळं कबूल करून बसलाय, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. गुन्हा नोंदवला.

सिनेमा बंद पडला. बाईला पुन्हा काम मिळेना. तरी ती प्रत्येक तारखेला यायची. कुर्डुवाडीला रेल्वेतून उतरून एसटीनं, मांडीवर पिशवी घेऊन. कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली बसून शेंगा खायची आणि मला विचारायची, "आज किसको सॅल्यूट किया, साहब?" नायकाला शिक्षा झाली, त्या दिवशी मात्र तिनं सॅल्यूटचं विचारलं नाही. पवनचक्क्या कुठल्या बाजूला आहेत, एवढंच विचारून तिकडे बघत राहिली.

या प्रकरणानं मला एक साधी गोष्ट शिकवली. माणूस गप्प आहे म्हणजे त्याला सांगता येत नाही, असं नसतं. समोर कोण बसलंय, हे तो आधी बघत असतो. पुढं मी प्रत्येक फिर्यादीला पहिला प्रश्न हाच विचारला, कुठल्या भाषेत बोलणार?

निवृत्तीनंतर एका दुपारी झोप आणि जाग यांच्या मधल्या गुंगीत मी टीव्हीसमोर पडलो होतो. एक मल्याळी सिनेमा लागला होता. माळावर नाचणाऱ्या त्या पोरींपैकी एकीनं तो काढला होता, हे मागाहून कळलं. धुळीतून एक अधिकारी चालत आली. केस पिकलेले, खांद्यावर अशोकस्तंभ आणि तारा. तीच.

मी बनियनवर होतो. पण उठलो, टाचा जुळल्या, हात कपाळाला गेला.

बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अवं, नटी हाय ती! खरी साहेब न्हाय."

"म्हाईत हाय," मी म्हणालो, आणि ती पडद्यावरून जाईपर्यंत हात खाली घेतला नाही.