दहा लाख नऊला भाग जातो का?

माझी आत्या गिअर कापते. मोठमोठ्या आकड्यांचे अवयव पाडून कुठल्या चाकाला किती दाते हे कागदाशिवाय सांगणारी कारखान्यात ती एकटीच. तिच्यापुढे शहाणपणा करायला गेलात तर तुमची खैर नाही. गेल्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला. हातापायांत पुन्हा बळ आलं, जीभही पूर्वीसारखी चालू लागली, घरादाराने त्याचा पुरेपूर अनुभव घेतला. तरी कारखान्यातले मिस्त्री तिला मशीनऐवजी पॅकिंगला बसा म्हणू लागले.

डोकं ठिकाणावर आहे की नाही हे आपण स्वतः तपासायचं, असं आत्याने ठरवलं. आकडा निवडला दहा लाख नऊ. दहा लाखाला मूळ संख्यांपैकी फक्त दोन आणि पाचने भाग जातो. वर नऊ चढवले की ते दोघेही गारद. मग हा आकडा मूळ, की फुटणारा? हजारापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचं. पुढे जायचं कारण नाही, एक अवयव हजाराहून मोठा असेल तर त्याचा जोडीदार लहान असणारच. कॅलक्युलेटर बंद. उत्तर चुकलं तर मशीनला हात लावणार नाही, असं तिने मिस्त्रींना परस्पर कळवूनही टाकलं.

जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं भरत गेली. आईने ताट वाढलं की आत्या म्हणायची, एवढा एक भागाकार होऊ दे, वहिनी. वरण गार व्हायचं. रविवारी दुपारी तिने पेन्सिल ठेवली आणि आकडा मूळ आहे म्हणून जाहीर केलं. इतकी खूश ती आजारपणानंतर दिसली नव्हती.

मी मोबाईलवर ताडून पाहिलं. दोनशे त्र्याण्णवने चक्क भाग जात होता. मी आईला हळूच दाखवलं. आई म्हणाली, गप्प बस. मला आईचा राग आला, कारण मलाही तेच करावंसं वाटत होतं. पण आत्याला फसवून मशीनवर पाठवणं जिवावर आलं.

"आत्या, फुटतो गं तो," मी म्हटलं.

तिने पेन्सिल पुन्हा उचलली. मग म्हणाली, "कशाने ते सांगू नकोस. माझं मी बघते."

आणि पुन्हा तीनपासून सुरुवात. दोनशे त्र्याण्णवपाशी चूक हाती लागली. हजारातून त्याची तिप्पट म्हणजे आठशे एकोणऐंशी गेले तिथे एकशे एकवीसऐवजी एकशे एकतीस लिहून बसली होती. या खेपेला बाकी शून्य उरली. इतकी साधी वजाबाकी चुकली म्हणून ती चिडून रडली. मीही रडले.

सोमवारी मी तिच्यासोबत कारखान्यात गेले. तिने चूक सांगून भरलेली पानं दाखवली, तेव्हा मिस्त्रीच म्हणाले, एका चुकीचं काय घेऊन बसलात, मशीनवर या. तिने ऐकून घेतलं नाही. पॅकिंगच्या टेबलाजवळची खुर्ची स्वतःच ओढली.

"माझ्या मशीनवर बदली माणूस ठेवा," ती म्हणाली, "कायमचा नको. मी परत येणार आहे."

घरी येताना तिने मला एक कोटीच्या पुढचा आकडा मागितला, आणि उत्तर तुझ्यापाशीच ठेव म्हणून दम भरला.