प्रभूच्या मेजावरचा रस

२०२३ साल होतं आणि मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. मी चौथी शिकलेला, मूळचा नगरकडचा. दिल्लीत सरकारी गाडी चालवण्यात उमेदीची वर्षं गेली, पण कुणापुढे हात पसरला नाही की कुणाला रस्ता विचारला नाही. माझी बायको रूथ प्रभूकडे गेली आणि मुलानं मला गुरुग्रामला आपल्या फ्लॅटवर आणलं. तिथं कशालाच कमी नव्हतं. फक्त मी प्रार्थना केली की आमेन म्हणायला कुणी नसायचं. मुलगा दिवसभर ऑफिसात. सून पंजाबी, हिंदू घरातली, मला जपते, पण मराठी तिला कळत नाही. एकटाच डोळे मिटून बसायचो. वाटायचं, या टॉवरांच्या गर्दीत प्रभूला आपलं घर सापडत नसेल.

पूर्वी लक्ष्मीबाई नगरजवळच्या एका चर्चमध्ये महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी आपली मराठी भक्ती, म्हणजे उपासना, व्हायची. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीबरोबर सगळे एकेक घोट घेतात तो, रस रूथ करायची. आदल्या संध्याकाळी मनुका भिजत घालायची, सकाळी उकळून मलमलच्या फडक्यातून गाळायची. दुकानातलं सरबत प्रभूच्या मेजावर ठेवायचं नाही, हा तिचा हट्ट. ती गेल्यापासून मी प्रभुभोजन घेतलंच नव्हतं. सुनेनं जवळचं एक इंग्रजी चर्च दाखवलं. मी पायरीसुद्धा चढलो नाही. आपल्या माणसांत, आपल्या भाषेत मिळेल तेव्हाच घेईन म्हणालो. म्हणालो खरा, पण त्या एका घोटासाठी जीव तुटायचा.

मे महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी मीच मनुका भिजवल्या. मुलगा म्हणाला, "बाबा, ती भक्ती बंद झालीय. सगळे रिटायर होऊन पुण्याला गेले. कोण येणारे?" मी म्हटलं, तुला काय माहीत, तू तर कधी येतच नव्हतास. रविवारी सकाळी रस उकळला, गाळला, बाटलीत भरला आणि मेट्रोनं निघालो.

चर्चचं मोठं दार बंद होतं. चौकीदारानं सांगितलं, मराठीवाले केव्हाच यायचे थांबले. मी त्याचंही ऐकलं नाही. बाटली मांडीवर घेऊन पायरीवर बसलो. ऊन असं की दगड भाजत होता. बराच वेळ गेला, कुणी आलं नाही. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, तेव्हा एक बाई पुढ्यात उभी राहिली. झारखंडकडची, बंगल्यांमध्ये घरकाम करणारी, हे मागाहून कळलं.

"बाबा, धूप में मत बैठिए. अंदर पंखा है."

मी सांगितलं, मैं अपने लोगों का इंतज़ार कर रहा हूँ.

"तो पंखे के नीचे कर लीजिए. इंतज़ार ही तो है."

मागच्या हॉलमध्ये तिच्यासारख्या घरकाम करणाऱ्या बायांची भक्ती चालली होती. तिनं मला पाणी पाजलं, खुर्ची दिली. मेजावर भाकर होती, पण प्याला रिकामा. रस आणणारी बाई मालकिणीनं अडकवून ठेवली होती, असं कुजबुजणं कानावर आलं. त्यांचा पाळक, म्हणजे पाद्री, तरुण होता. म्हणाला, आज फक्त भाकर मोडू, बाकी प्रभू समजून घेईल.

मी बाटली घट्ट धरली. हा रस आपल्या माणसांसाठी केलेला. रूथच्या हातची रीत ती, परक्यांना कशी द्यायची? प्रभूला मनात म्हटलं, तूच सांग. समोर त्या बाया डोळे मिटून रिकाम्या प्याल्यापुढे उभ्या होत्या, जसे मी कित्येक रविवार काढले तशाच. मग कसा कोण जाणे, उठलो आणि बाटली पाळकाच्या हातात दिली. त्यानं विचारलं, काय आहे? मी सांगितलं, किशमिश का रस है, मेरी घरवाली ऐसे ही बनाती थी.

प्रभूची प्रार्थना आली तेव्हा तो म्हणाला, "सब अपनी-अपनी बोली में." मी मराठीत म्हटली, मोठ्यानं. बाजूला त्यांची बोली, समोर हिंदी. आमेन मात्र सगळ्यांचं एकदम पडलं. मग प्याला माझ्याकडे आला. रस जरा कमी गोड झाला होता. मी लहान पोरासारखा रडलो.

याला चमत्कार म्हणा, नका म्हणू, माझा आग्रह नाही. रूथची आठवण आजही तितकीच येते. पण मी जे मागत होतो ते मी ठरवलेल्या माणसांकडूनच यावं, हा हेका त्या दुपारी सुटला. मूठ उघडली आणि समाधान आलं. प्रभू, तुझे उपकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आंघोळ करून सोसायटीच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. कामाला येणाऱ्या बाया आत सोडायची वेळ होती. कालच्यातली एकही नव्हती. तरी येणाऱ्या प्रत्येकीला मी हात जोडून आमचा ख्रिस्ती सलाम केला. बहुतेक जणी हसून पुढे गेल्या. एक थांबली, पदर सावरला आणि झारखंडकडचे ख्रिस्ती नमस्कार म्हणून म्हणतात ते हळूच म्हणाली, "यीसु सहाय, बाबा."