बाबांचं न सुटलेलं गाऱ्हाणं

मला राग पटकन येतो आणि तो उतरेपर्यंत मी काहीतरी करून बसतो. सरकारने व्हिडिओंचं ते चिनी ॲप बंद केलं, त्या आठवड्यात मी असंच करून बसलो.

नायगावच्या आमच्या बीडीडी चाळीत मधोमध अंधारा पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या. साथीचे दिवस होते. अर्धी चाळ गावाला गेलेली, दारांना कुलपं. उरलेले आम्ही चार-पाच जण मास्क लावून आपापल्या उंबऱ्यात उभे राहायचो आणि जगाचे प्रश्न सोडवायचो. "सीमेवर आपले जवान मरतायत आणि आपण शत्रूच्या ॲपवर नाचतोय," मी तावातावाने म्हणालो. समोरच्या खोलीतले निवृत्त हवालदार म्हणाले, "तुझा चार्जर कुठला आहे रे? उलटा करून वाच." मी वाचला, आणि माझं डोकंच फिरलं. घरात जाऊन मी सगळ्यांच्या फोनमधलं ते ॲप उडवलं. शेवटी बाबांचा जुना फोन पॅसेजमध्ये आणला आणि सगळ्यांसमोर त्यातूनही ते काढून टाकलं. दोघांनी टाळ्या वाजवल्या. आई दारात उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला.

बाबा आदल्या दिवाळीनंतर गेले होते. चाळीत गाऱ्हाणं घालावं तर त्यांनीच. आम्हा कोकणातल्या लोकांत घरातला जाणता माणूस देवापुढे नारळ धरून चुकलंमाकलं, हवं-नको सगळं खणखणीत सांगतो. दर मागण्याला जमलेले लोक 'होय महाराजा' म्हणतात. शेवटच्या वर्षी माझ्या कॉलेजातल्या मुलीने बाबांचं असंच एक गाऱ्हाणं त्यांच्या नावाने खातं उघडून त्या ॲपवर टाकलं होतं. बाबा मध्येमध्ये थांबायचे आणि कुठली कुठली माणसं त्यांच्या शेजारी स्वतःचा व्हिडिओ जोडून 'होय महाराजा' म्हणायची. देवाचा कसला तमाशा, म्हणून मी ते कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

गणपती पंधरा दिवसांवर आले तेव्हा आई म्हणाली, "औंदा मूर्ती आणूची नाय."

"का?"

"गाऱ्हाणां घातलां, पन नारळ खंय फोडलो तेंनी?"

मग मला कळलं. व्हिडिओ एका मिनिटाचा. नारळ फोडेपर्यंत वेळ संपला असता, म्हणून बाबांनी तो नुसता हातात धरला होता. नंतर तो आमटीत गेला. आमच्या घरात देवापुढे नारळ फुटल्याशिवाय गाऱ्हाणं सुटत नाही. ते उघडंच राहतं.

"देव तसोच उभो आसा रे," आई म्हणाली. "आणि तुझे बाबा पन तसेच उभे आसत. परत परत तांच बोलतत. दुपारचां पॅसेजमध्ये माका आयकाक येता."

मी हसण्यावारी नेलं. पण दोन दिवसांनी दुपारी पॅसेज अगदी गप्प असताना मी दाढी करत होतो आणि बाहेर कोणीतरी घसा खाकरला. आधी हळू, मग मोठ्याने. बोलायला उभं राहण्याआधी बाबा अस्संच खाकरायचे. मी तसाच दार उघडून बाहेर आलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत माणूस नव्हतं. मला भीती वाटली, हे कबूल करतो.

मुलीला विचारलं. व्हिडिओ ॲपमध्येच काढलेला, फोनमध्ये वेगळा ठेवलेला नव्हता. "तुम्ही विचारायला वेळच दिला नाहीत," एवढं बोलून ती आत गेली. ॲप पुन्हा घ्यायची सोय उरली नव्हती आणि घेऊनही ते इथे चाललं नसतं. माझ्याच बाजूने निकाल लागला होता.

शेवटी कुवेतला असलेल्या आतेभावाला फोन केला. तिथे ते ॲप चालू होतं. त्याला बाबांचं खातं सापडेना, पण दुसऱ्या कुणाचा तरी व्हिडिओ सापडला, बाबा अर्ध्या पडद्यावर असलेला. दुपारी त्याने व्हिडिओ कॉल लावला आणि आपल्या फोनसमोर दुसरा फोन धरला.

आईने नारळ आणि कोयता माझ्या हातात दिला. "संपला काय लगेच फोड. परत सुरू होवच्या आधी."

पडद्यावर डावीकडे बाबा. उजवीकडे एक म्हातारी बाई, कुठल्या देशाची कोण जाणे, मागे बर्फाने पांढरी झालेली खिडकी. बाबा खाकरले. आधी हळू, मग मोठ्याने. बोलू लागले. ते थांबले की ती बाई डोळे मिटून 'होय महाराजा' म्हणत होती. एकही शब्द कळत नसताना बरोब्बर जागेवर.

"माझो झील वायट नाय," बाबा माझ्याबद्दल म्हणाले, "पन तापट आसा. तेच्या रागाक पोराबाळांनी भियाची पाळी येव नये, तां बघ रे महाराजा!"

माझा कोयत्याचा हात वरच राहिला. बाबांनी पुन्हा घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरू झाले.

"फोड मरे!" आई ओरडली. तिला ते वाक्य आधीपासून माहीत होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

दुसऱ्या खेपेला मी कोयता मारला. नारळ फुटला, पाणी लादीवर पसरलं. आईने हात जोडले. पण फोनमधल्या बाबांना काही कळलं नाही. ते पुन्हा खाकरले.

"बंद करू काय रे दादा?" आतेभावाने विचारलं.

"राहू दे," मी म्हणालो. त्या ॲपबद्दल इतकं बोललेला मी, पण 'बंद कर' असं तोंडातून निघेना.

बाबा माझ्यापर्यंत आले, तेच मागणं मागितलं आणि थांबले. तिकडे ती परकी बाई 'होय महाराजा' म्हणाली. आमच्या खोलीत ते कोणीच म्हटलं नाही. मी मुलीकडे पाहिलं. ती दाराला टेकून उभी होती, माझ्यापासून जमेल तितकी लांब.