पिंपळाआडून घेतलेला शॉट

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार माझ्या मोठ्या बहिणीचे, अक्काचे आहेत. आम्ही जामनेरकडचे. आई-वडील मजुरीला जायचे, म्हणून अक्कानं सातवीनंतर शाळा सोडून घर सांभाळलं आणि मला शिकू दिलं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. निकाल लागला तेव्हा साक्रीकडे नांदणारी अक्का दोन एसट्या बदलून आली होती.

पदवीनंतर मी धुळ्याला एका फोटो स्टुडिओत लागलो. मालकांनी ड्रोन घेतला, मला परवान्याच्या प्रशिक्षणाला पाठवलं आणि पुढचं स्वतः शिकवलं. ऊन कडक असलं की लेन्सवर काळी काच लावायची, नाहीतर चालणारी माणसं अडखळल्यासारखी दिसतात. एका वेळी एकच हालचाल. शॉटच्या आधी आणि नंतर पाच सेकंद ड्रोन जागचा हलवायचा नाही. माझे शॉट मात्र गचके खायचे. मालक म्हणायचे, "भाऊ, तू ड्रोन उडवतोस की बैलगाडी हाकतोस?" आणि दर वेळी बजावायचे, "गर्दीच्या डोक्यावरून न्यायचा नाही. झाडात घुसवायचा नाही."

एका रविवारी सरावासाठी मी ड्रोन घेऊन अक्काच्या गावी गेलो. त्या दिवशी तिथला आठवडी बाजार असतो. नदीकाठी पेटी उघडली तशी माणसं जमली. एक कांदेवाला म्हणाला, "ओ भाऊ, मना कांदास्ना बी फोटू काढ, भाव तं वाढी!" अक्का हिरवं लुगडं नेसून बाजाराला निघाली होती. जाताना तिनं विचारलं, "बठ्ठं दिखस का रे वरथीन?" मी म्हणालो, "हो, वरून सगळं दिसतं."

मला एकच शॉट हवा होता. बाजाराच्या कडेच्या पिंपळाच्या पानांआडून हळूच बाहेर यायचं आणि समोर अख्खा बाजार उघडायचा. पिंपळावर आग्या मोहोळ लटकत होतं. ते मला रिमोटच्या पडद्यावर दिसलं होतं. बाजूनं काढू, अंतर पुरेल, असं मी मनाशी म्हणालो. मालकांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी मी एकाच वेळी मोडल्या.

शॉट अजिबात हलला नाही. मी त्या आनंदात होतो आणि तेवढ्यात बाजारातून आरडाओरडा ऐकू आला. पडद्यावर माणसं पाट्या टाकून पळत होती. मी ड्रोन माघारी आणला, पेटीत घातला आणि मग धावलो. या क्रमाची मला आजही लाज वाटते.

माश्या डसून अक्काच्या पापण्या, मान, हात सुजले होते. दवाखान्यात तिला दोन दिवस सलाईन लावलं. तिथं कुणीतरी विचारलं, "तुना ड्रोन कोठे व्हता?" मी म्हणालो, "नदीवर." मला नदीकाठी उभं असलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. बाजाराच्या गलक्यात ड्रोनचा आवाज कुणाला वेगळा ऐकू आला नव्हता.

अक्का घरी आल्यावर ग्रामपंचायतीत बैठक झाली. पिंपळाखाली बारा वर्षांपासून त्याच जागी भज्यांची गाडी लावणारे एक आबा होते. लोक म्हणाले, यांच्या चुलीच्या धुरानं मोहोळ उठलं. आबा उसळले, "बारा वरीसपाईन आठेच चूल पेटाडस! तवय माश्या काय झोपेल व्हत्यात का?" कुणीतरी ड्रोनचं नाव काढलं. डोळे धड उघडत नसलेली अक्का उभी राहिली. "मना भाऊ लबाड बोलत नही. त्याना ड्रोन नदीवर व्हता." तिच्या शब्दाला गावात मान आहे. विषय तिथंच संपला. आबांची जागा गेली. गुरांच्या बाजारामागे गाडी लावा, असं त्यांना सांगण्यात आलं. तिकडे भजी खायला कोण जातं? मी भिंतीला टेकून उभा होतो आणि गप्प राहिलो.

धुळ्याला मालकांनी ड्रोनमधलं कार्ड लॅपटॉपला लावलं. "हा शॉट तू घेतलास?" ते खूश होऊन म्हणाले. मग मोहोळ उठताना दिसलं आणि त्यांनी चित्र थांबवलं.  ते एवढंच म्हणाले, "हे मी पुसणार नाही. काय करायचं ते तू ठरव."

अक्काला फोन लावला की ती आधी विचारायची, "जेवलास का?" त्यापुढे मला बोलता यायचं नाही. म्हणून पत्र लिहिलं.

"प्रिय अक्का,
मी खोटं बोललो. ड्रोन पिंपळाजवळ होता. मोहोळ दिसत असूनही मी नेला. आबांच्या चुलीचा काही संबंध नाही. माझ्या शब्दावर तू उभी राहिलीस आणि त्यांची जागा गेली.

अजून एक. माश्या उठल्यावर तू खाली पडलीस, तेव्हा तुझ्यावर कुणीतरी गोणपाट टाकलं होतं. कोण ते तुला माहीत नाही, असं तू म्हणाली होतीस. ते आबा होते. चित्रात स्पष्ट दिसतं. त्यांनी स्वतःच्या अंगावर काही घेतलं नव्हतं.

रविवारी पहिल्या एसटीनं येतो. आधी आबांकडे जाईन, मग ग्रामपंचायतीत सगळ्यांना ही चित्रफीत दाखवीन. लोक मला बोलतील, ते बोलू देत. तुलाही बोलतील, त्याचं वाईट वाटतं. तू तिथं येऊ नकोस असं लिहिणार होतो, पण ते तुझं तू ठरव.

डोळ्यांत औषध वेळेवर घाल.

तुझा भाऊ"